नवा फोम टाकूनही सोफा पुन्हा बसतोय? आधी तो उलटा करून बघा

सोफ्याच्या एकाच जागी खड्डा पडतो. कुशनमधला फोम बदलला जातो, काही महिने बरे जातात आणि मग पुन्हा तीच जागा, तोच खड्डा. दोष अर्थातच फोमला दिला जातो, 'हल्ली चांगला फोमच मिळत नाही' म्हणून. कधीकधी ते खरंही असतं. पण ठरावीक एकाच जागी पुन्हा पुन्हा बसणाऱ्या सोफ्यात फोम बहुतेक वेळा निर्दोष असतो. तो ज्याच्यावर टेकलाय ते खाली गेलेलं असतं. खाली झोळ असेल तर वरचा फोम कितीही भारी असो, तो त्या झोळाचाच आकार घेणार. शिवाय झोळात तो रोज मधोमध मुडपतो, त्यामुळे आपल्या आयुष्याआधीच संपतो. मग बदललेला फोम 'खराब निघाला' असं वाटतं आणि चक्र चालू राहतं.

सोफ्याच्या बैठकीत ढोबळमानाने तीन गोष्टी असतात. सगळ्यात खाली लाकडाची, क्वचित लोखंडाची चौकट. त्या चौकटीवर ताणून बसवलेला आधार, म्हणजे स्प्रिंगा किंवा पट्टे. आणि वर कुशन. दुरुस्तीला हात घालण्याआधी यातलं नेमकं काय गेलंय ते ठरवायचं. निदान चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

दोष वर की खाली?

कुशन सुटी असतील तर सगळ्यात सोपी परीक्षा अदलाबदलीची. खड्ड्याच्या जागेवरचं कुशन उचलून तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या जागेवर ठेवा, तिथलं इकडे आणा आणि दोन्हीकडे बसून बघा. खड्डा कुशनबरोबर सरकला तर कुशनचा दोष. खड्डा जागच्या जागीच राहिला तर दोष खाली आहे, आणि नव्या फोमवर खर्च करण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे थोडं थोडं बसल्यासारखं वाटलं तर दोन्ही गेलंय. जुन्या सोफ्यात असंच जास्त आढळतं. अशा वेळी आधी खालचं काम, मग वरचं. उलटा क्रम नको.

आता सगळी कुशन बाजूला काढा. बैठकीच्या कापडावर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत एखादी सरळ काठी किंवा पडद्याचा रॉड आडवा ठेवा. काठीखाली किती फट पडते ते चांगल्या जागी आणि बिघडलेल्या जागी ताडून बघा. मग तळहाताने दोन्हीकडे सारख्या जोराने दाबा. चांगली जागा हाताला उलटा जोर देते, बिघडलेली नुसती खाली जाते.

कानही कामाला लावा. बसताना 'कुईं' असा आवाज येत असेल तर बहुधा स्प्रिंग तिच्या क्लिपमध्ये घासतेय. 'कट्' किंवा 'कड्' असा कोरडा आवाज आला तर चौकटीचा सांधा किंवा फळी. काहीही आवाज न होता सोफा नुसता खाली जात असेल तर पट्टे किंवा फोम. ही खूण दर वेळी पक्की नसते, पण उलटा केल्यावर आधी कुठे बघायचं ते कळतं.

मग सोफा उलटा करा. हे एकट्याचं काम नाही. खाली जुनी चादर अंथरून सोफा दोघांनी पाठीवर झोपवा, म्हणजे त्याचा तळ तुमच्यासमोर उभा येईल. तळाला पिनांनी ठोकलेलं पातळ काळं कापड असतं. ते फक्त धूळ अडवतं, भार काही पेलत नाही, त्यामुळे बिनधास्त काढा. पण फाडू नका, तेच परत लावायचंय. चपट्या स्क्रूड्रायव्हरने पीन थोडी उचलायची आणि पक्कडीने ओढायची. अर्ध्या तुटून राहिलेल्या पिना ओढून काढा किंवा ठोकून आत घाला; त्यांच्यावर हात ओढला गेला तर चांगलाच कापतो. हातमोजे घालाच. आणि आत हरवलेली पेनं, नाणी, रिमोटची झाकणं सापडतील, ती आधी उचलून घ्या.

टॉर्च मारून बघितलं की आता कारण बहुधा समोरच दिसतं.

नागमोडी स्प्रिंगा असतील तर

बऱ्याच सोफ्यांत पुढच्या लाकडापासून मागच्या लाकडापर्यंत जाणाऱ्या नागमोडी तारा असतात, त्यांना झिगझॅग स्प्रिंग म्हणतात. प्रत्येकीची दोन्ही टोकं लाकडावर ठोकलेल्या क्लिपांत अडकवलेली असतात आणि सगळ्या स्प्रिंगा आडव्या तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात. यात तीन प्रकारचे बिघाड होतात: टोक क्लिपमधून निसटतं, क्लिपचाच खिळा सैल होतो, किंवा स्प्रिंग स्वतः सपाट होते वा तुटते.

पहिले दोन सर्रास होतात आणि दुरुस्तीही त्यांचीच सोपी. खिळा सैल झालेली क्लिप नीट बघा. ती लाकडाला चिकटलेली नसते, एका बाजूने उचललेली असते. खिळ्याचं डोकं बाहेर डोकावतं, भोक गोल न राहता लांबट झालेलं असतं, आणि भोकाभोवती लाकडावर घासून काळपट चकचकीत डाग पडलेला असतो. असा डाग दिसला म्हणजे ती क्लिप बरेच दिवस हलतेय. अनेक जण इथे तोच खिळा पुन्हा ठोकतात. लांबट झालेल्या भोकात तो खिळा टिकणार नाही, काही आठवड्यांत पुन्हा वर येईल. 'दुरुस्त करूनही पुन्हा बसला' या तक्रारीमागे बरेचदा हाच खिळा असतो.

नीट करायचं तर क्लिप काढा, जुन्या भोकात गोंद लावलेली लाकडाची काडी ठोकून भोक बुजवा आणि क्लिप सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाजूला सरकवून कोऱ्या लाकडात बसवा. खिळ्याऐवजी जरा लांब स्क्रू वापरला तर उत्तम. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, नाहीतर कडेचं लाकूड चिरतं. एकाच लाकडावरच्या तीन-चार क्लिपा सुटलेल्या असतील तर क्लिपांना दोष देऊ नका. ते लाकूडच फुटलंय किंवा भुसभुशीत झालंय. चौकटीचा भाग खाली आहे, तो आधी वाचा.

निसटलेलं टोक परत अडकवताना जपा. स्प्रिंग ताणाखाली असते आणि हातातून सुटली तर जोरात उसळते. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणू नका. नुसत्या पक्कडीने ओढण्यापेक्षा मजबूत दोरीचा फास टोकाच्या आतल्या वळणात घालून ओढला तर पकड चांगली मिळते. एकाने ओढायचं, दुसऱ्याने टोक क्लिपमध्ये बसवून क्लिप हातोडीने बंद करायची.

स्प्रिंग सपाट झाली असेल तर तिला हाताने वाकवून पुन्हा कमान आणण्याचा खटाटोप करू नका, ती तार थकलेली असते. नवी घ्या. नवीचं माप शेजारच्या धड स्प्रिंगवरून घ्यायचं, पसरलेल्या स्प्रिंगवरून नाही, कारण ती आधीच लांबलेली असते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि हा आकडा उलटा चालतो: आकडा लहान तितकी तार जाड. बैठकीला साधारण 8 किंवा 9 गेजची तार वापरतात, पाठीला त्याहून बारीक चालते. शक्यतो त्या एका जागेच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम बदला. थकलेल्या चार तारांमध्ये एक ताजी घातली तर तिथे उंचवटा येतो आणि बसणाऱ्याला तो नेमका टोचतो.

आडवी जोडतार तुटली असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. ती असते तेव्हा एका स्प्रिंगवर आलेला भार शेजारच्या दोन-तिघींत वाटला जातो. ती नसली की जिच्यावर बसलं तीच सगळा भार घेते आणि लवकर मरते. तशी तार मिळाली नाही तर जाड, न ताणणारी सुतळी घेऊन प्रत्येक स्प्रिंगला गाठ मारत या बाजूच्या लाकडापासून त्या बाजूच्या लाकडापर्यंत न्या आणि दोन्ही टोकांना पक्की ठोका. गाठ प्रत्येक स्प्रिंगवर हवी. नुसता वेढा दिला तर तो घसरतो.

आवाजावर तेल सोडू नका. ते झिरपून कापडावर येतं आणि डाग जात नाही. क्लिपच्या आतलं प्लॅस्टिक झिजल्यामुळे आवाज होत असतो. तिथे जाड चामड्याचा किंवा फेल्टचा तुकडा घालून क्लिप पुन्हा दाबली की काम होतं.

पट्टे असतील तर

पट्टे दोन जातीचे: तागाचे किंवा सुती न ताणणारे, आणि रबर घातलेले इलॅस्टिक. दोघांचे रोग वेगळे आहेत. तागाचा पट्टा बहुधा टोकाला पिनांतून फाटून निघतो, मध्ये धड असतो. इलॅस्टिक टोकाला शाबूत असतो पण मध्ये मेलेला: कडा लाटांसारख्या झालेल्या, रबराचे बारीक पांढरे धागे बाहेर आलेले, बोटाने घासलं की भुकटी पडते. जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा तो ओढला की लांबतो, पण परत येत नाही. अशा पट्ट्याला आणखी ताणून पुन्हा ठोकणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. मेलेलं रबर ताणल्याने जिवंत होत नाही. एक पट्टा गेलाय तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत. त्या जागेचे सगळे काढा.

इलॅस्टिक पट्टा बसवताना खरा प्रश्न असतो किती ताणायचा. अंदाजाने ओढलं तर प्रत्येक पट्टा वेगळ्या ताणाचा होतो आणि बैठक उंचसखल लागते. म्हणून आधी खूण करा. साधारण एक दशांश ताण पुरतो. चौकटीच्या दोन लाकडांमधलं अंतर 60 सेंटिमीटर असेल तर एक टोक ठोकून घ्या, तिथून न ताणता 54 सेंटिमीटरवर पेनाने रेघ मारा आणि ती रेघ समोरच्या लाकडाच्या कडेवर येईपर्यंत ओढून ठोका. प्रत्येक पट्ट्याला हेच माप. टोकाला ओढायला बोटभर पट्टा जास्तीचा ठेवा, आधीच कापून घेऊ नका. यापेक्षा फार ताणलं तर बैठक दगडासारखी होते, रबर लवकर थकतं आणि चौकटीचं लाकूडही आत ओढलं जातं.

तागाच्या पट्ट्याचं उलटं आहे. तो मुळात ताणत नाही, म्हणून हाताच्या जोराने जेवढा ओढाल तेवढा कमीच. लाकडाचा वीतभर ठोकळा घ्या, पट्टा त्याला गुंडाळा, ठोकळ्याची खालची कड चौकटीच्या बाहेरच्या अंगाला टेकवा आणि वरचं टोक खाली दाबा. तरफेमुळे पट्टा टणक ताणला जातो. एक जण दाबून धरेल, दुसरा ठोकेल. टोक एकदा ठोकलं की दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापा, ते वर दुमडा आणि दुमडीवर पुन्हा ठोका. दुमड न घालता ठोकलेला तागाचा पट्टा पिनांच्या रांगेतच फाटतो. जुना तिथेच फाटला होता की नाही ते बघा.

पिना 10 ते 12 मिलिमीटर लांबीच्या घ्या. कागद ठोकायच्या बारीक पिना इथे कामाच्या नाहीत. सगळ्या पिना एकाच सरळ रेषेत मारू नका, थोड्या वर-खाली मारा, नाहीतर लाकूड त्या रेषेत चिरतं. आधी पुढून-मागे जाणारे पट्टे, मग आडवे, आणि आडवे पट्टे उभ्या पट्ट्यांत एक वर, एक खाली असे विणून घ्यायचे. विणकाम शोभेसाठी नाही, त्यामुळे भार वाटला जातो. आपण बसतो तेव्हा वजन मधून मागे जास्त पडतं, म्हणून आडवे पट्टे मागच्या अर्ध्या भागात जवळजवळ घ्या, पुढे जरा विरळ चालतील.

हेच पट्टे नागमोडी स्प्रिंगांनाही उपयोगी पडतात. स्प्रिंगा थकल्यात पण तुटल्या नाहीत, आणि लगेच बदलायच्या नसतील, तर त्यांच्या खालून दोन-तीन पट्टे ताणून ठोका. खालून वर उचलून धरल्यावर बैठक बरीच सावरते. कायमचा उपाय नाही, पण फळी घालण्यापेक्षा कितीतरी बरा.

चौकट

तीन जणांच्या सोफ्याला मध्ये एक जादा पाय असतो. सोफा हलवताना तो निघतो, हरवतो किंवा परत लावायचा राहून जातो, आणि मग मधली जागा बसू लागते. पाय असला तरी तो जमिनीला टेकतोय का हे बघा. सोफा सरळ ठेवून त्या पायाखालून कागद सरकवा. सहज गेला तर तो पाय नुसता लटकतोय. खाली योग्य जाडीचा फेल्ट किंवा लाकडाची पातळ चकती लावली की झालं. इतक्या क्षुल्लक कारणासाठी लोक आख्खा सोफा नव्याने भरून घेतात.

लाकूड चिरलेलं असेल तर चीर थोडी उघडून आत लाकूडकामाचा पांढरा गोंद भरा, शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळा आणि पूर्ण दिवसभर तसंच राहू द्या. नंतर चिरेच्या दोन्ही बाजूंना वीतभर जाईल असा चांगल्या लाकडाचा तुकडा आतून गोंद आणि स्क्रू लावून जोडा. नुसती लोखंडी पट्टी मारून भागत नाही. चार दिवसांत स्क्रू सैल होतात आणि चीर पुढे सरकते. भुशाच्या बोर्डाची चौकट ओल लागून फुगली असेल तर तिच्यात ना खिळा धरतो ना स्क्रू. तेवढं लाकूड बदलावं लागतं. चारही बाजू तशाच असतील तर मात्र दुरुस्ती करू नये असं माझं मत आहे.

आता कुशन

खालचं सगळं ठीक असेल किंवा ठीक केलं असेल, तरच इकडे या. फोम घेताना दोन गोष्टींची गल्लत होते: घनता आणि कडकपणा. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो. दुकानात '32 डेन्सिटी', '40 डेन्सिटी' म्हणतात ते हेच. फोम किती टिकेल हे मुख्यतः तिच्यावर अवलंबून असतं. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो, ती वेगळी गोष्ट. कमी घनतेचा फोमही कडक बनवता येतो. दुकानात हाताने दाबून तो छान वाटतो, पण रोजच्या बसण्यात लवकर मऊ पडतो. त्यामुळे दाबून बघून फोम घेऊ नका, घनता विचारा. रोज वापरायच्या बैठकीला 32 च्या खाली जाऊ नये, 40 उत्तम. पाठीला कमी चालतं.

फोम खोळीच्या मापाहून प्रत्येक बाजूला सेंटिमीटरभर मोठा कापा, म्हणजे खोळ गच्च भरते आणि सुरकुत्या पडत नाहीत. कापायला लांब पात्याची धारदार सुरी, आणि न दाबता हलक्या हाताने फेऱ्या मारत कापायचं. वरून पॉलिस्टरच्या कापसाचा एक थर गुंडाळा. कडा गोलसर दिसतात आणि कापड फोमवर घासत नाही. खोळीत घालायला फोम मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाबा, पिशवीसकट आत सरकवा आणि मग पिशवी ओढून काढा. चेनची बाजू मागे. जुना फोम अजून धड असेल पण जरा पातळ झाला असेल, तर नवा कडक थर त्याच्या खाली घाला, वर नको.

कापूस किंवा पिसं भरलेल्या कुशनांना एवढा उपद्व्याप नाही. आतली पिशवी उसवून भर घालायची, गोळे हाताने मोकळे करायचे. फोम मात्र उन्हात वाळवू नका. उन्हाने तो पिवळा पडतो आणि चुरा होऊ लागतो.

फळी घालावी का?

सगळ्यात आधी सुचवला जाणारा उपाय, म्हणून शेवटी. कुशनखाली प्लायवूड घातलं की खड्डा दिसेनासा होतो, हे खरं. पाहुणे यायचे असतील तर जरूर घाला. पण फळी पुढच्या आणि मागच्या लाकडावर टेकली पाहिजे. नुसत्या स्प्रिंगांवर ठेवलेली फळी झोळातच बसते आणि तिच्या कडा खालचं कापड फाडतात. 9 ते 12 मिलिमीटर जाडी, कोपरे गोल घासलेले, आणि कुशनपेक्षा किंचित लहान माप. फळीवरचा फोम मात्र आता सगळा भार एकटा घेतो, त्यामुळे तो नेहमीपेक्षा लवकर चपटा होतो. महिनोन् महिने फळीवर बसून मग 'फोम पुन्हा गेला' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मागे झुकणारा रिक्लायनर आणि पलंग होणारा सोफा यांची यंत्रणा घरी उघडू नका. त्यांच्या स्प्रिंगा फार जोरकस असतात आणि बोट सापडलं तर मोडतं. दोऱ्यांनी हाताने बांधलेल्या उभ्या गोल स्प्रिंगांचा जुना सोफा असेल तर तोही कारागिराकडेच द्या. ती प्रत्येक दोरी विशिष्ट ताणाने आणि विशिष्ट क्रमाने बांधलेली असते, एक सोडली की बाकीच्या हलतात.

बाकी काम झालं की सोफा सरळ करून सगळ्या जागांवर आळीपाळीने बसून बघा, काठीची परीक्षा पुन्हा करा. तळाचं काळं कापड लगेच सगळीकडून ठोकून टाकू नका. चार कोपऱ्यांना एकेक पीन मारून ठेवा, दोन आठवडे सोफा नेहमीसारखा वापरा, मग पुन्हा उलटा करून क्लिपा आणि पट्ट्यांची टोकं एकदा तपासा. काही हललं नसेल तर मग कापड चारही बाजूंनी ठोकून टाका.